खरात सरांची उलटी होडी

दशरथ खरात यांनी मला वयाच्या नवव्या वर्षी पाण्यात सोडलं, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही. मुलुंडमधल्या एका ट्रस्टच्या तरण तलावावर उन्हाळी शिबिर होतं. चार दिवस मी काठाचा पाइप घट्ट धरून बसलो होतो. पाचव्या दिवशी खरात सर आले, "परब, हा पाइप काय तुझ्या बापाचा हाय?" एवढंच म्हणाले आणि हातातल्या लांब बांबूच्या टोकाने माझी बोटं एकेक करून सोडवली. मी बुडालो, पाणी प्यालो, वर आलो, पुन्हा बुडालो. तिसऱ्यांदा बुडणार तोच त्यांचा तळवा माझ्या पोटाखाली होता. पुढे मी पोहायला शिकलो, शाळेत एक पदकही मिळवलं, पण तो बांबू काही मी विसरलो नाही.

सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. आज मी चाळिशीचा आहे आणि ते अठ्ठावन्नला टेकलेत. एकतीस वर्षं तोच तलाव, तीच उंच खुर्ची, गळ्यात शिट्टी आणि भुवयांपर्यंत ओढलेली टोपी. निम्म्या मुलुंडला त्यांनी पोहायला शिकवलं असं लोक म्हणतात. सर म्हणतात, "शिकवलं नाय, बुडू दिलं नाय." त्यांचा नियम साधा होता. एखादं डोकं पाण्याखाली गेलं की मोजायला लागायचं, आणि तीनपर्यंत ते वर आलं नाही की उडी. त्यात कुणाला विचारायचं नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही. एकदा पाहणीला आलेल्या विश्वस्तांशी बोलता बोलता त्यांनी मनगटावरच्या घड्याळासकट उडी मारली होती. ज्याला बाहेर काढला तो मुलगा श्वास रोखायची पैज लावून तळाशी बसला होता. सरांनी त्याला आधी वाचवला आणि मग धुतला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मी विमा कंपनीत दावे तपासतो, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून लोकांवर संशय घेतो. चालायचा मला कंटाळा, आणि जिममधली गाणी सहन होत नाहीत. म्हणून मी रुचिरा तांडेलच्या कयाकच्या गटात गेलो. तिथे निदान बसून व्यायाम होतो. रुचिरा मढची, समुद्राच्या काठावर वाढलेली. आता पवईला एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दहा-बारा हौशी लोकांना मार्व्याहून समुद्रात नेते. वय चौतीस, आवाज मोठा आणि दयामाया बेताची.

कयाक म्हणजे लांब, अरुंद, वरून बंद होडी. मधे एक भोक, त्यात बसायचं. कमरेला रबरी कापडाचा स्कर्ट घालायचा आणि त्याची कड भोकाच्या काठावर ताणून बसवायची, म्हणजे आत पाणी शिरत नाही. ही होडी उलटली की आपण खाली डोकं वर पाय असे पाण्यात लटकतो. मग दोन मार्ग उरतात. एक तर स्कर्टचा पुढचा पट्टा ओढून सुटायचं आणि पोहत वर यायचं. नाही तर लटकल्या लटकल्या वल्हं पाण्यावर फिरवायचं, कमरेचा झटका द्यायचा आणि होडीसकट सरळ व्हायचं. याला रोल म्हणतात. रोलमधली अवघड गोष्ट एकच : डोकं सगळ्यांत शेवटी वर काढायचं. आणि पाण्याखाली अडकलेल्या माणसाला सगळ्यांत आधी काय वर काढावंसं वाटतं ते सांगायला नको.

रोल शिकायला शांत पाणी लागतं. आमचा जुना तलाव सोमवारी बंद असतो, म्हणून मी ट्रस्टच्या लोकांना भेटलो. नोव्हेंबरपासून दर सोमवारी सकाळी सहा ते आठ तलाव आम्हाला मिळाला. अट एवढीच होती, की गार्ड हजर पाहिजे. गार्ड म्हणजे अर्थात खरात सर.

पहिल्याच सोमवारी श्रुतिका उलटली. श्रुतिका कॉलेजात शिकते आणि आमच्या गटात सर्वांत चपळ आहे. तिची होडी पोट वर करून तरंगत होती, वल्ह्याचं पातं पाण्यावर येत होतं, रुचिरा काठावरून "कंबर! कंबर!" असं ओरडत होती, आणि एवढ्यात शिट्टी वाजली. धप्पकन आवाज झाला. सरांनी पोरीला जॅकेटच्या पट्ट्याला धरून होडीसकट उचललं. ती वर येता येता तिचं वल्हं सरांच्या कपाळावर बसलं.

"काका!" रुचिरा ओरडली. "ती बुडत नव्हती!"

"मग काय करत होती?"

"रोल करत होती!"

"तीन झाले," सर म्हणाले. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. "तीन झाले की माझ्याकडं रोलबिल काय नाय."

नंतर त्यांनी मला काढलं. माझा रोल त्या दिवशी हमखास जमणार होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग पुन्हा श्रुतिकाला काढलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, प्लीज, मला बुडू द्या ना!" सर नुसते मान हलवत राहिले. त्यांना सगळं समजत होतं, पण पाण्याखाली डोकं दिसलं की पाय आपोआप सुटत होते. रुचिराने कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं, "पुढच्या सोमवारी दुसरा गार्ड खुर्चीत बसवा. काका, तुम्ही होडीत बसायचं. स्वतः उलटे व्हा, म्हणजे कळेल."

पुढच्या सोमवारी नंदू नावाचा गार्ड खुर्चीत बसला आणि सर होडीत. रुचिराने त्यांना सगळं नीट समजावलं, वल्हं हातात दिलं आणि होडी कलती केली. होडी उलटते न उलटते तोच सर शेजारी छातीभर पाण्यात उभे. अंगावर स्कर्ट, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं समाधान. मला तर ते बाहेर कधी आले हेसुद्धा दिसलं नाही.

"काका, होडी कुठाय?" रुचिराने विचारलं.

"राहू द्या की ती. माणूस वाचला ना?"

"समुद्रात असं केलंत ना, तर होडी वाऱ्याबरोबर निघून जाते. मग तुम्ही पोहत बसा. किती पोहाल? एक तास? दोन तास? तिथे होडीच माणसाला वाचवते. जो होडी सोडतो त्याला मी समुद्रात नेत नाही. सरळ नियम आहे माझा."

सरांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचा सगळा जन्म माणूस वाचवण्यात गेला होता आणि ही पोर त्यांना प्लास्टिक वाचवायला सांगत होती. पण "समुद्रात नेत नाही" हे शब्द ऐकल्यावर ते एकदम गप्प झाले, आणि मला त्याचं नवल वाटलं.

आठ वाजता बाकीचे कामाला पळाले. मला त्या दिवशी सुट्टी होती. सर आणि मी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत उभे राहिलो.

"परब, तुम्ही लोक समुद्रात किती लांब जाता रे?"

"आता जानेवारीत तिसऱ्या रविवारी मार्व्याहून निघणार. खाडीच्या तोंडातून बाहेर, मग मनोरी, गोराईच्या समोरून उत्तनच्या अलीकडपर्यंत, आणि परत."

"किनाऱ्याला धरून?"

"नाही. चांगले आत."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी पोहायला विहिरीत शिकलो. माण तालुक्यात आमचं गाव. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते तेव्हा, म्हणून माझ्या आज्यानं आणि त्याच्या दोन भावांनी आमच्या वस्तीची विहीर खणली. वर्षातनं चार महिने पाणी. तेवढ्यात पाठीला डबा बांधून शिकलो. मग मुंबईला आलो तर हा तलाव. पाणी म्हटलं की चारी बाजूंनी भिंत असणार, अशी सवयच झाली मला."

मी ऐकत होतो. पस्तीस-चाळीस शब्दांच्या वर सर एका दमात बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"शिबिराच्या शेवटच्या दिवशी पोरांच्या आया येतात. विचारतात, 'सर, आता समुद्रात पोहेल ना हा?' मी सांगतो, 'का नाय? पाणी सगळीकडं सारखंच.' एकतीस वर्षं सांगतोय. आणि मी स्वतः घोट्याच्या वर समुद्रात गेलेलो नाय. जुहूला पोरांना घेऊन गेलो की पँट दुमडून उभा राहतो. भीती वाटते रे मला. सगळ्यांना खोटं सांगत आलो मी. एकतीस जानेवारीला रिटायर होतोय. त्याच्या आत एकदा तरी जायचंय. तुझ्या त्या मॅडमला सांग."

लहानपणापासून ज्याला मी घाबरत आलो तो माणूस असं काही बोलेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी तिथूनच रुचिराला फोन केला. ती म्हणाली, "येऊ देत ना. पण होडी सोडायची नाही. काकांसाठी मी नियम बदलणार नाही."

हातात नऊ सोमवार होते.

पहिले तीन तर हसण्यातच गेले. होडी उलटायची आणि सर बाहेर. रुचिराने त्यांचे हात वल्ह्याला रुमालाने बांधले, तर ते वल्ह्यासकट बाहेर. चांगला पोहणारा माणूस रोल शिकायला सगळ्यांत वाईट असतो, असं रुचिरा म्हणते. ज्याला पोहता येत नाही तो भीतीने होडीला चिकटून राहतो. पोहणाऱ्याला पाणी आपलं घर वाटतं, मग तो कशाला होडीच्या पोटात स्वतःला कोंडून घेईल?

एका संध्याकाळी मी सरांना एक वल्हं द्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दिवाण, आणि दिवाणावर सर उताणे, डोकं आणि खांदे खाली लोंबकळत, हातात लांब दांड्याचा झाडू. सुगंधाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांचे दोन्ही पाय काखेत दाबून बसल्या होत्या आणि उरलेल्या हाताने मटार सोलत होत्या.

"या भावजी," त्या म्हणाल्या. "बघा, उतारवयात काय काय करावं लागतं. जाळी काढायचा झाडू आहे तो, मोडला तर यांनाच उलटं करून जाळी काढीन."

"सुगंधा, पाय सोडू नको," सर खालून म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. झाडू फिरला, कंबर हलली आणि सर डोकं पुढे काढून धडपडत उठले.

"डोकं आधी आलं," मी म्हणालो.

सुगंधाताई एका प्रसूतिगृहात मावशी आहेत. पंचवीस वर्षांत त्यांनी किती बाळंतपणं पाहिली असतील देव जाणे. "आमच्याकडे डोकं आधी आलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात," त्या म्हणाल्या. "आणि यांचं डोकं आधी आलं की तुम्ही सगळे बोंब मारता. कसला मेला खेळ आहे हा!" आणि त्या इतक्या हसल्या की सरांचे पाय सुटले आणि सर झाडूसकट जमिनीवर आले.

पाचव्या सोमवारी रुचिराने रोल बाजूला ठेवला आणि दुसरंच काढलं. "काका, समुद्रात कधी कधी रोल लागत नाही. मलासुद्धा लागत नाही. मग होडी सोडायची नाही, मदत मागायची. उलटं लटकलेलं असतानाच दोन्ही हात पाण्याबाहेर काढायचे, होडीच्या पोटावर तीन थापा मारायच्या आणि तळवे उघडे ठेवून हात बाजूंनी पुढे-मागे फिरवत राहायचं. शेजारचा माणूस त्याच्या होडीचं टोक तुमच्या हाताला आणून लावेल. ते धरायचं आणि सरळ व्हायचं. तोवर थांबायचं."

"थांबायचं?"

"हो. श्वास धरून."

"म्हणजे मी थापा मारायच्या, आणि कोणतरी येऊन मला काढणार."

"हो, काका."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकतीस वर्षं झाली, मॅडम. मला अजून कुणी काढलेलं नाय. लोकं मी काढतो." त्यांनी वल्हं काठावर आपटलं आणि ओल्या अंगानेच कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेले. श्रुतिका घाबरली. मी मागे जाणार होतो, पण रुचिरा म्हणाली, "राहू दे. येतील."

ते आले. पुढच्या सोमवारी पावणेसहालाच येऊन होडीत बसले होते, कुणाकडे न बघता. श्रुतिका तिची होडी घेऊन शेजारी तयार राहिली. सर उलटले. धप, धप, धप, अशा तीन थापा ऐकू आल्या आणि तिसऱ्या थापेबरोबरच सर श्रुतिकाच्या मागे पाण्यात उभे होते. ती बिचारी होडीचं टोक रिकाम्या होडीला लावून वाट बघत होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दार वाजवायचं आणि कुणी उघडायच्या आत खिडकीतून निघून जायचं, असला प्रकार. त्यांना थापा मारता येत होत्या. थांबता येत नव्हतं.

आणि मग सातव्या सोमवारी रोल आला. कुणाच्याच ध्यानीमनी नसताना, अगदी स्वच्छ. होडी उलटली, वल्हं पाण्यावर अर्धा चंद्र काढत फिरलं, कंबर वळली आणि सर वर बसलेले. त्यांनी स्वतःच चकित होऊन इकडेतिकडे पाहिलं. नंदू खुर्चीतून उतरून नाचला. सरांनी लागोपाठ सहा रोल मारले आणि पुढचे दोन्ही सोमवार मारतच राहिले.

"कसं जमलं?" मी विचारलं.

"तळाला काळी पट्टी आखलेली हाय ना, शर्यतीची? चष्म्यातनं तिच्याकडं बघत राहतो. शेवटपर्यंत नजर तिच्यावर. मग डोकं आपोआप मागं राहतं."

मला युक्ती फार आवडली. त्यात खोट काय आहे हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी दिवसभर खोट शोधायचाच पगार घेतो.

रुचिराने सरांना यादीत घेतलं, पण मला बाजूला बोलावून म्हणाली, "रोल आला त्यांना. थांबणं नाही आलं. तू रविवारी त्यांच्या शेजारून हलायचं नाहीस. काय?" मी हो म्हटलं. माझा स्वतःचा रोल दहातून सहा वेळा लागतो हे तिने काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही मार्व्याच्या किनाऱ्यावर होतो. होड्या टेंपोतून उतरवल्या, जॅकेटं चढवली. सुगंधाताई डबा आणि मोठा टॉवेल घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाळूवर चटई टाकली आणि मला म्हणाल्या, "भावजी, नेताय तसे परत आणा. नाही आणलंत तर मी तुमच्याकडे राहायला येईन, सांगून ठेवते." हसत म्हणाल्या, पण टॉवेलाची घडी त्यांनी तीन वेळा मोडून पुन्हा घातली.

आम्ही नऊ होड्या निघालो. खाडीत पाणी सपाट होतं. मनोरीच्या फेरीबोटीतली माणसं आमच्याकडे बोट दाखवत होती. खाडीचं तोंड मागे पडलं, किनारा दोन्हीकडून सरकत गेला आणि समोर काहीच उरलं नाही. सरांनी वल्हं मारायचं थांबवलं. मी त्यांच्या शेजारी गेलो. ते नुसते बघत होते.

"परत फिरायचं का, सर?"

"गप," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हात पाण्यात बुडवून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय की रे खरंच!" मग ते हसायला लागले, आणि मग वल्हवायला लागले, आणि त्यानंतर दोन तास त्यांना थांबवता थांबवता माझा दम निघाला. गोराईच्या समोर कोळ्यांच्या एका बोटीवरच्या माणसाने हात केला, तर सरांनी त्याला शिट्टी वाजवून सलामी दिली. समुद्र आपल्यासाठीच भरवलाय असा त्यांचा चेहरा होता. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

परतताना खाडीच्या तोंडाशी दहा वाजले. ओहोटीचं पाणी बाहेर येत होतं आणि वारा समुद्रावरून आत. दोन्ही एकमेकांना भिडले की तिथे लाटा उभ्याच राहतात. रुचिरा पुढून ओरडली, "जवळ जवळ राहा! वल्हं थांबवू नका!" सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तेवढ्यात बाजूने एक लाट आली आणि त्यांची नारिंगी होडी पोट वर करून माझ्यापासून पंधरा-वीस हातांवर तरंगायला लागली.

मी वल्हं मारत मोजायला लागलो. वल्ह्याचं पातं वर आलं, अर्धा चंद्र फिरला, होडी निम्मी वळली आणि सरांचं डोकं आधी वर आलं, तोंड उघडं, श्वास घेतला न घेतला तोच पुन्हा खाली. दुसऱ्यांदा पातं नुसतं पाण्यावर आपटलं. आणि मला एकदम काळी पट्टी आठवली. खाडीच्या तोंडचं गढूळ पाणी, त्यात स्वतःचा हात दिसत नाही. खाली बघायला त्यांना काहीच नव्हतं. आता ते स्कर्टचा पट्टा ओढणार, मला माहीत होतं. होडी वाऱ्याबरोबर आत जाणार, सर ओहोटीबरोबर बाहेर जाणार, आणि मी एकटा दोघांतलं काय धरणार होतो?

वल्हं पाण्यावर सुटून वाहत गेलं. मग काहीच हललं नाही. होडीचं नारिंगी पोट लाटेवर वरखाली होत होतं.

धप. धप. धप.

दोन हात पाण्याबाहेर आले. तळवे उघडे. एक या बाजूने, एक त्या बाजूने, होडीच्या कडेने पुढे-मागे, पुढे-मागे, हळूहळू फिरत राहिले. गडबड नव्हती त्यांत. ते हात माझी वाट बघत होते.

मी आयुष्यात तसं कधी वल्हवलं नव्हतं. शेवटच्या क्षणी वेग तोडावा लागतो, नाही तर टोकाखाली बोटं चिरडतात, आणि मला तर समोरचं नीट दिसतही नव्हतं. माझ्या होडीचं टोक त्यांच्या होडीला घासलं. एक तळवा माझ्या टोकावर आला, चाचपडला, आणि मग घट्ट मिटला. दुसराही आला. होडी वळली. कंबर वर आली, खांदे आले आणि सगळ्यांत शेवटी, पाण्याने निथळत, डोकं आलं.

सर खोकले, थुंकले. पोहण्याचा चष्मा एका कानाला लटकत होता. रुचिराने त्यांचं वल्हं पकडलं आणि लांबून ओरडून विचारलं, "काका, बरे आहात?" त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या होडीच्या टोकावर दोन्ही हातांनी रेलून ते श्वास घेत होते.

"खाली काय दिसत नाय रे," ते म्हणाले. "काळोख नुसता. पट्टा धरला होता मी. ओढणारच होतो."

"मग?"

"मग म्हटलं, परब शेजारी हाय."

रुचिरा ओरडत होती, वारा वाढतोय, चला, चला. किनाऱ्यावर एक बाई टॉवेल घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत आलेली दिसत होती.

"सर, सोडा आता. निघू या."

"थांब जरा," ते म्हणाले.

मी थांबलो. दोन्ही होड्या एकाच लाटेवर चढत होत्या आणि एकदमच उतरत होत्या. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. तोंड तसंही खाऱ्या पाण्याने ओलंच होतं, कुणाला कळणार होतं?

"रडतोस काय, परब?" सर म्हणाले. पण माझी होडी त्यांनी सोडली नाही.